मागची सीट रिकामी असताना

मंडळी, बसून घ्या. मागं उभ्या असलेल्या बायांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे.

मला बोलायला सांगितलंय. मला बोलता येत नाही, विचारता येतं. जन्म गेला जकात नाक्यावर, लोकांच्या पोत्यात हात घालून 'यात काय आहे' म्हणून विचारण्यात. आज समोर वहिनींचा फोटो ठेवलाय, त्याला काही विचारता येत नाही. सांभाळून घ्या.

डॉक्टर कुसुमताई तुमच्या ताई, माझ्या थोरल्या वहिनी. गेल्या आठवड्यात काविळीनं गेल्या. आधीच्या वक्त्यांनी त्यांचे गुण सांगितले. मी एका आवाजाविषयी सांगणार आहे.

दादा वारले आणि त्यांची काळी मोटार वहिनी चालवू लागल्या. खेड्यापाड्यांतली बाळंतपणं, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची तपासणी. एक दिवस म्हणाल्या, "भावजी, गाडी पस्तीसवर गेली की मागून आवाज येतो. कुणी दात खाल्ल्यासारखा. चाळीसच्या पुढं थांबतो."

मला पहिला संशय कुणाचा आला? मिस्त्रींचा. ते इथंच बसलेत. मिस्त्री, रागावू नका, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. नुकतेच यांनी गाडीचे ब्रेक बघितले होते. म्हटलं, चांगला भाग काढून जुना बसवला असणार. म्हणून मिस्त्री गाडी चालवून बघायला निघाले, तेव्हा मी मागच्या सीटवर बसलो. मालकासारखा. नजर ठेवून. पस्तीस झाले, चाळीस झाले. आवाज नाही. मिस्त्री म्हणाले, "काय न्हाई ओ सायब. लई झ्याक चालतीया." चाकं काढून बघितली, पुन्हा आम्ही दोघं निघालो. आवाज नाही.

वहिनी एकट्या गेल्या की आवाज यायचा. मी बरोबर गेलो की नाही. दिरानं वहिनीच्या शेजारी बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी मागं. आमच्या आई एकदा बरोबर गेल्या, त्याही मागं, मांडी घालून. त्यांनाही काही ऐकू आलं नाही.

मग संशय कुणाकडं वळला, हे सांगायला पाहिजे का? नवरा गेल्यापासून बाईला काहीबाही ऐकू येतं. आधी ही कुजबुज घरात होती. घरातून आळीत गेली, आळीतून बाजारात. आई म्हणाल्या, गाडी विकून टाका. मीही तेच म्हणालो. मला पुरावा लागतो, आणि पुरावा वहिनींच्या बाजूनं नव्हता.

वहिनी चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, गाडीचं सोडा. उद्या पोटावर हात ठेवून मी सांगितलं की बाळ आडवं आहे, हिला आत्ताच्या आत्ता नगरला न्या, तर कोण ऐकणार माझं?" त्याच सुमारास एका घरानं भरल्या दिवसांची सून आमच्या दारावरून दुसऱ्या दवाखान्यात नेली. इथं बसलेल्या बायांनो, वहिनी कशाला भ्यायल्या होत्या ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल.

मग वहिनींनी गाडीलाच विचारायला घेतलं, पेशंटला विचारतात तसं. कधी दुखतं? कधी थांबतं? आणि एक दिवस भर बाजारात दार उघडून म्हणाल्या, "भावजी, आज पुढं बसा."

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू द्या."

बसलो. नाक्यावर माझ्याच हाताखालची माणसं होती, मी मान खाली घातली. नेवाशाच्या रस्त्याला लागलो. काटा पस्तीसवर आला आणि मागून कर्रर्र. दात खाल्ल्यासारखा. मी दचकून वळलो. मागं कुणी नव्हतं.

मागं कुणी नव्हतं म्हणूनच तो येत होता, मंडळी! सीटखालची लोखंडी पट्टी एका बाजूनं सुटली होती. वर कुणी बसलं की दाबली जायची. म्हणजे आवाज पकडायला मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा मीच त्याच्यावर बसलो होतो. हसा, हरकत नाही. वहिनी गाडी कडेला घेऊन हसल्या होत्या. मिस्त्रींनी वेल्डिंग केलं, गोष्ट बाजारभर झाली आणि सुना पुन्हा आमच्या दवाखान्यात येऊ लागल्या.

इथं संपायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, अजून बारीक येतो हो आवाज. एकटी असतानाच. जरा बघून येते." मग दर रविवारी संध्याकाळी तेच. आई म्हणायच्या, कुणाला तरी बरोबर ने. वहिनी म्हणायच्या, "मग तो येत नाही ना!" आणि चावी घेऊन निघायच्या.

मी नाक्यावर असायचो. गाडी जायची, अंधार पडायच्या आत परत यायची. मला संशय आला. येणारच. कुठं जातात? कुणाला भेटतात? एकदा मुद्दाम नाक्याचं फाटक पाडून ठेवलं आणि खिडकीपाशी गेलो. वहिनींचे डोळे सुजले होते. चेहरा मात्र शांत होता. मी विचारलं, "आला का आवाज?"

"आला थोडा," म्हणाल्या.

मी फाटक वर केलं. त्यानंतर ती गाडी मी कधी थांबवली नाही.

परवा मात्र राहवेना. मिस्त्रींना घेऊन त्याच रस्त्याला गेलो. मी पुढं बसलो, मागची सीट रिकामी. पस्तीसवर नेली, चाळीसवर नेली, परत पस्तीसवर आणली. काही नाही. मिस्त्री म्हणाले, "त्यो तवाच मिटलाय ओ. मंग ताई दर आयतवारी काय ऐकाया जायच्या?"

मिस्त्री, ते आता सांगतो.

आमचं घर माणसांनी भरलेलं. दादा गेल्यावर वहिनींना आम्ही घटकाभरही एकटं सोडलं नाही. मायेनंच, दुसरं काही नाही. झोपताना शेजारी आई, उठल्यावर पोरं, मग दवाखान्यात तुम्ही सगळे. नवऱ्यासाठी मोकळेपणानं रडायचं तर त्या बाईनं कुठं जायचं होतं? त्या दादांच्या गाडीत जायच्या. वेल्डिंगनंतर आवाजबिवाज काही नव्हता, मंडळी. हा आपला माझा संशय. पुरावा नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो नकोय.

आता आपण उभं राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका, कुणी काही विचारू नका.

वहिनी, फाटक वर केलंय. सोबत कुणी नाही. निघा.