बिचारा घोडा

नाही हो काका, त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डगमगतो. तुम्ही पडलात तर उचलीन मी, पण आवाज होईल ना. इथे खिडकीपाशी बसा, उजेडही आहे. आणि जरा हळू बोलू या, आतल्या खोलीत आमच्या बाईसाहेब आत्ताच झोपल्यात. आठ महिन्यांच्या आहेत, पण दरारा सासूचा. जाहिरातीत लिहायलाच हवं होतं मी — येणाऱ्यांनी कुजबुजत घासाघीस करावी. हा घ्या बॉक्स. अख्खी सिरियल आहे, पंधराही भाग. तुम्ही प्रत्येक डीव्हीडी अशी उजेडात धरून बघणार का? बघा ना, बघा, तुमचा छंदच आहे म्हणालात फोनवर. ओरखडा एकही नाही. म्हणजे — बॉक्सचा तो वरचा कोपरा चावलेला आहे. दात येतायत तिला. ही? ही शेवटची आहे, ही असू दे माझ्या हातात, तुमच्या त्या चार बघून होईपर्यंत.

एक मिनिट हं. — नाही, काही नाही. झोपलीये. मी फक्त श्वास बघून आले. पुस्तकात लिहिलंय की सारखं बघू नये, आईच्या चाहुलीनं मूल दचकतं. दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की बघत राहावं. मी तिसरं पुस्तक आणलं आणि त्यात म्हटलंय, आईनं फार पुस्तकं वाचू नयेत.

तर ही सिरियल. तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्याकडे दोन कपाटं भरून असल्या काळ्या-पांढऱ्या सिरियली. पण मला माहीतच नव्हतं हो असं काही असायचं. जुन्या वस्तूंच्या दुकानात आम्ही खरं तर पंखा घ्यायला गेलो होतो, आणि नवरा हा बॉक्स घेऊन बाहेर आला. पंखा राहिला. म्हटलं, हे काय आहे? तर म्हणाला, यात एक बाई विमान चालवते आणि दर वीस मिनिटांनी मरते. खोटं नाही! पहिल्याच भागात त्या मुखवटेवाल्यानं तिची गाडी कड्यावरून ढकलली, गाडी दरीत, जाळ, धूर — आणि पाटी, पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. मी रिमोट घेतला. त्यानं काढून घेतला हातातून. म्हणाला, त्या काळातल्या लोकांनी आठवडाभर दम धरला ना, आपणही धरू. दर शनिवारी एक भाग. बास, ठरलं. आणि मग आठवडाभर जेवताना, कपडे वाळत घालताना, एकच विषय — ती वाचणार कशी? आणि पुढच्या शनिवारी बघतो तर काय, गाडी पडायच्या आधीच तिनं उडी मारलेली! नवऱ्यानं टीव्हीला उशी मारली. फसवणूक म्हणाला, मागच्या वेळी उडी नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी आपली बाजू घेतली तिची. म्हटलं, अरे, उडी होतीच, कॅमेरा तेव्हा दुसरीकडे बघत होता. त्यावरून भांडलो आम्ही. छान भांडलो. तसं भांडायला आता कोणी नाही.

आणि त्याचा अंदाज म्हणाल तर कायम एकच. दोर. भिंती सरकत येतायत, चिरडणार ती — हा म्हणणार, वरून दोर येईल. खाणीत पाणी भरतंय — दोर. विमानाला आग लागली, आभाळात, आजूबाजूला काही नाही — दोर! क्रेन चालवतो ना तो. जगातलं कुठलंही संकट वायरदोरानं अलगद उचलून बाजूला ठेवता येतं असं त्याला मनापासून वाटतं. एकदाही बरोबर आला नाही अंदाज. मी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, मी आपली सांगायची, हा तोच खडक आहे रे जो चौथ्या भागात दुसऱ्या देशात होता. त्याला खडकाशी घेणंदेणं नाही. दोर कुठाय ते शोधायचा.

चहा टाकू का? नको? बरं. म्हणजे मी टाकला असता, पण भांड्याचा आवाज — बरं झालं, नको म्हणालात ते.

मग ही झाली, सिरियल सहा महिने तशीच पडून राहिली, आणि पुन्हा लावायचं म्हणतोय तोच त्याला ते बोगद्याचं काम मिळालं, लांब. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत सहा-सात जण. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे म्हणाला. मी म्हटलं, जा. समजूतदार दिसायची हौस असते ना माणसाला. जाताना सगळे भाग पेन ड्राइव्हवर घेऊन गेला. म्हणाला, शनिवारी संध्याकाळी तू इकडे बघ, मी तिकडे बघतो, मग फोनवर बोलू — काही तुटणार नाही. आणि नाही तुटलं हो, सुरुवातीला. मी हिला मांडीवर घेऊन बसायची, आवाज बारीक करून. तिला मुखवटेवाला आवडतो. तो आला की हात पसरते. यावर काळजी करावी का, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

तुम्ही घरी कोणाबरोबर बघता? — एकटेच. हं. म्हणजे बोलत नाही कोणाशी त्यावर? — नाही, सहज विचारलं. माझंही तसंच आहे, दिवसभर. आई व्हिडिओ कॉल करते, पण तिला नात बघायची असते, मी फोन धरायला. मी स्टँड आहे, काका. मध्ये मी औषधांच्या दुकानात थर्मामीटरवर इतकं बोलले की दुकानदारानं मला ताप आहे का विचारलं.

तर मग काय झालं, त्यानं दोर म्हणणं सोडलं. आधी लक्षात नाही आलं. मी विचारायची, कशी सुटेल रे ती? तर म्हणायचा, बघू ना पुढच्या वेळी. सुटेल. छान होता भाग. छान! जो माणूस टीव्हीला उशी मारायचा तो म्हणतो छान होता भाग. माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. तशी माझ्या डोक्यात पालींची वसाहतच आहे, त्यामुळे मी म्हटलं, गप्प बस बाई, थकला असेल. पण राहवेना. मग एका शनिवारी मी म्हटलं — कशी बोलले मला माहीत नाही, आधी ठरवलं नव्हतं, खरंच — म्हटलं, तो पांढरा घोडा बघून कसंतरीच झालं रे आज.

तुम्ही पाहिलीये ना सिरियल? आहे का घोडा? — नाहीच! अख्ख्या सिरियलीत जनावर म्हणून नाही. एक पोपट आहे तिसऱ्या भागात, तोही भुसा भरलेला.

पण नवरा? मागे कुठलं तरी मशीन चालू होतं त्याच्या. आणि म्हणाला, ‘हो ना. बिचारा घोडा.’

हसले मी. फोनवर हसले, त्याला वाटलं मजेत आहे. मग फोन ठेवला आणि टीव्हीसमोर बसून राहिले, ही मांडीवर झोपलेली, पाय मुंग्यांनी बधिर झालेला, हलवताही येईना. म्हणजे इतके शनिवार मी एकटीच बघत होते. मग डोक्यातली सिरियल सुरू झाली, तिला शनिवार लागत नाही. पहिल्या भागात त्याला दुसरी कोणी भेटलीये. दुसऱ्यात तो आजारी आहे आणि लपवतोय. तिसऱ्यात क्रेन कलंडलीये आणि कंपनीनं भलत्याच माणसाला फोनवर बोलायला बसवलंय — हसू नका, पहाटे हे फार पटतं. विचारायचं काय होतं हो त्यात? एक वाक्य, तू बघतोस का रे? पण तो ‘नाही’ म्हणाला तर मग शनिवारी आम्ही बोलणार काय? दात, जुलाब, लस. मला भीती त्याच्या खोटेपणाची नाही वाटली, काका. भीती वाटली की खरं सांगून टाकलं तर फोन दोन मिनिटांत संपेल.

म्हणून मग घोडा वाढवला. पुढच्या शनिवारी घोडा जखमी झाला. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं विमानवालीला जळत्या गोदामातून बाहेर काढलं. हो, पाठीवरून. नवरा — हो, पाहिलं ना, जबरदस्त. आधी मी चिडून करत होते, खोड मोडायला. मग, खरं सांगू, मंगळवार-बुधवारपासूनच डोक्यात यायला लागलं, आता घोडा काय करेल. भाजी चिरताना, हिला अंघोळ घालताना. आणि गेल्या शनिवारी वैताग आला मला स्वतःचाच. हे काय लावलंय मी, शिकलेली बाई? सोडला घोडा कड्यावर. मागचे पाय निसटलेले, खाली दरी, वरून दगड येतायत, आणि संपला भाग. त्याला म्हटलं, हा काही वाचत नाही आता. ‘बरं, ठेवतो,’ म्हणाला. त्याच्या मागचं ते मशीनही बंद होतं. दुसऱ्या दिवशी मी तुम्ही वाचलीत ती जाहिरात टाकली. आज शनिवार आहे. आज संध्याकाळी सांगणार मी त्याला, सिरियल संपली, बॉक्स विकला, आणि घोडा कधीच नव्हता. मग जे व्हायचं ते होऊ दे. जागाही अडते ना उगीच, बॉक्सची — एवढासा तर आहे, पण अडते.

उठली का ती? — नाही, फोन आहे. माझाच. थरथरतोय तिथे, द्या जरा. यावेळी कसा काय, त्याची शिफ्ट असते यावेळी. थांबा हं, काही झालं तर नसेल ना — मेसेज आहे त्याचा.

‘आज लवकर फोन करतो. घोड्याचं आजच सांगशील ना? खोलीतले सगळे माझ्या मागे लागलेत, आठवडाभर पैजा चालल्यात. मी सांगून ठेवलंय, दोर असणार.’

…

‘सांगशील ना’ म्हणतो. ‘बघू’ नाही म्हणत.

खोलीतले सगळे. सहा-सात जण आहेत हो तिथे. पत्र्याच्या खोलीत बसून —

नाही, नाही, ठीक आहे मी. डोळ्यांना ऊन लागतंय, तुम्ही ती डीव्हीडी अशी तिरपी धरलीये ना. ठेवा ती बॉक्समध्ये. आणि ही घ्या, शेवटची, तुमच्याकडेच राहू दे. नाही हो, नाही पाहिला मी शेवटचा भाग, पण घ्या. मला काय करायचीये? यात घोडा कुठाय! पैसे तिथेच ठेवा टेबलावर, मी बघते मागाहून. पिशवी देऊ का? असू दे, असाच न्या. आता निघा काका तुम्ही, रागावू नका, पण मला फार काम आहे संध्याकाळपर्यंत. त्या कड्यावर माणूस नाही, झाड नाही, मीच ठेवलं नाही काही, आणि दोर यायला हवा. एक विचारू? तुम्ही इतक्या सिरियली पाहिल्यात. घोडा वर ओढायचा तर दोर बांधतात कुठे, पोटाला? म्हणजे खाली आधी कोणीतरी उतरायला हवं ना —

नको. थांबा. सांगू नका.

दार हळू ओढून घ्या.