शेवटची सोळा पाने

जबाब देणार : वाचनालयाच्या ताई. वय : एकोणसाठ. धंदा : भाड्याने पुस्तके देण्याचे वाचनालय चालवणे. राहणार : वाचनालयाच्या वरच्या माळ्यावर, जिना मागच्या बाजूने. ओळखपत्र पाहून परत दिले.

मला आज ठाण्यात बोलावून माझ्याविरुद्ध आलेली तक्रार वाचून दाखवली. त्यावरून मी समक्ष, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, पुढीलप्रमाणे सांगते.

तक्रारदाराचे म्हणणे असे, की अकरा बायकांनी त्यांना माझ्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दीड तास डांबून ठेवले, त्यांचा अपमान केला, आणि त्याआधी एक घाणेरडे व फेरफार केलेले पुस्तक देऊन त्यांच्या बायकोला फितवले. पहिली दुरुस्ती ही, की अकरा बायका नव्हत्या. दहा बायका आणि एक घड्याळदुरुस्तीवाले आजोबा होते. आजोबांना बायकांत मोजले याचे त्यांना वाईट वाटलेले नाही, पण जबाबात बरोबर यावे असे ते म्हणतात.

माझे वाचनालय दोन खोल्यांचे आहे. पुढच्या खोलीत कपाटे, मागच्या खोलीत खुर्च्या आणि खिडकी. सगळ्या तऱ्हेची पुस्तके आहेत. पण सगळ्यात जास्त हातात फिरतात त्या जुन्या काळातल्या काळोख्या प्रेमकथा. सरदार शत्रूची मुलगी पळवून आणतो, बुरुजात कोंडतो, पुढे त्यांचे प्रेम जमते. अशा पुस्तकांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नवीन आले की पहिला नंबर लावणारेही त्यांच्यातलेच असतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. लोक वाचतात, भांडतात, पुस्तक परत करतात.

भांडणासाठीच दर रविवारी दुपारी मागच्या खोलीत वाचकांची बैठक भरते. बैठकीचा नियम एकच आहे आणि तो भिंतीवर रंगवलेला आहे : जो वाचेल तो ऐकेल. म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ज्याने काही वाचून दाखवले, त्याने मग प्रत्येकाचे मत संपेपर्यंत गप्प बसून ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही. या नियमाने भल्याभल्यांची जिरली आहे, माझीही जिरली आहे.

तक्रारदाराची बायको म्हणजे आमच्या बाइंडरबाईंची मुलगी. तिला आम्ही सगळे बारकी म्हणतो, कारण ती आईच्या खळीच्या डब्याशेजारी बसून लहानाची मोठी झाली. बाइंडरबाई माझी फाटकी पुस्तके गेली वीस वर्षे बांधून देतात. बारकीचे लग्न गेल्या वर्षी झाले. तक्रारदार एका गोदामावर मुकादम आहेत. कामावर जाताना ते घराला बाहेरून कुलूप लावत आणि किल्ली खिशात नेत. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिला पुस्तके द्यायला दुपारची गेले होते, तेव्हा दाराला कुलूप होते आणि ती आत होती. पुस्तके मी खिडकीच्या गजांतून दिली, एक जाड होते ते गेले नाही, परत आणावे लागले. बारकीने चहा घेणार का असे विचारले नाही.

असे आठ महिने चालले. मग बाइंडरबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्या निमित्ताने बारकी आठवड्यासाठी म्हणून माहेरी आली आणि राहिली. तक्रारदार रोज फोन करत. ती "बघते" एवढेच म्हणे. बाइंडरबाई काहीच म्हणत नसत. मला राहवेना. मी त्यांना म्हणाले, "अहो, पोरीला एकदा तोंडानं सांगा ना, जाऊ नकोस म्हणून."

त्या म्हणाल्या, "मी सांगायचं, आणि उद्या काही झालं की तिनं म्हणायचं, आईनं माझं घर मोडलं. मी आजवर तिला काय करायचं ते सांगितलं नाही, आत्ताही नाही सांगणार."

मी त्यांच्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाही.

त्याच सुमारास 'लोखंडी बुरूज' नावाच्या अशाच एका सरदाराच्या कादंबरीची एक प्रत वाचून वाचून खिळखिळी झाली होती, ती मी बांधायला दिली. डोळा सुधारल्यावर बाइंडरबाईंनी हातात घेतलेले ते पहिलेच काम. या पुस्तकाच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. बांधून आल्यावर ती बारकीने वाचली, नंतर दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेली. मी ती तपासली नाही. बाइंडरबाईंचे काम तपासण्याची मला कधी गरज पडलेली नाही.

आता रविवारचे. बैठकीत 'लोखंडी बुरूज'च होता. बाइंडरबाई आणि बारकीही आल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "काय शेवट आहे. ती पुलावरून निघून जाते, मागं वळूनसुद्धा बघत नाही, आणि संपलं. मी दोनदा वाचला."

निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जाते कुठं? परत येते की. पहाटे बुरुजाच्या दारात उभी राहते. तुम्ही शेवटची पानं न वाचताच पुस्तक मिटलंत."

यावरून दोघींची जुंपली. एकीने दुसरीच्या चष्म्यावरून टोमणा मारला, दुसरीने पहिलीच्या झोपेवरून. बाकीच्याही दोन तट पडले आणि कोणी कोणाचे ऐकेना. अशा भर गर्दीत तक्रारदार दारात आले. त्यांच्या हातात त्याच कादंबरीची स्वतः विकत घेतलेली कोरी प्रत होती.

ते बारकीला म्हणाले, "हेच पुस्तक उशाशी घेऊन झोपत होतीस ना? कळलंय मला. शेवट वाचलास का? तुझी ती राणीसुद्धा परत जाते. वाचून दाखवतो सगळ्यांना."

मी त्यांना भिंतीवरचा नियम दाखवला. "ऐकू की," असे म्हणून ते खुर्चीत बसले. त्यांना कोणी बसवले नाही.

त्यांनी शेवटचे प्रकरण पूर्ण वाचले. वाचन स्वच्छ होते, हे मी मान्य करते. पुलापासून बुरुजापर्यंतची तिची वाट, दार उघडणे, सगळे. नर्सबाई आ वासून ऐकत होत्या. मी त्यांच्या मांडीवरची प्रत घेऊन उघडली. तीत पूल होता, आणि पुलानंतर एकदम पुठ्ठ्याचे आतले कोरे अस्तर. शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा शिवलेला जुडगा, नव्हताच. शिलाई आणि अस्तर इतके सफाईदार, की दृष्ट लागावी. मी बाइंडरबाईंकडे पाहिले. त्या स्वतःची नखे पाहत होत्या. मग सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिले, आणि नर्सबाई व मुख्याध्यापिकाबाई यांचे भांडण मिटले.

तक्रारदाराच्याही ते लक्षात आले. ते बारकीला म्हणाले, "बघ. तुझ्या आईनं तुला अर्धवट पुस्तक देऊन फसवलंय." त्यांना मी आठवण करून दिली, की आता त्यांनी फक्त ऐकायचे आहे.

मग नियमाप्रमाणे एकेकीने मत सांगितले. सगळे सांगत बसत नाही, आठवते तेवढे सांगते.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, "एकोणिसाव्या प्रकरणात सरदार काय करतो?" तक्रारदार पाने चाळू लागले. "तुम्ही फक्त शेवट वाचलाय. एकोणिसाव्यात तो बुरुजाच्या सगळ्या दारांच्या कड्या स्वतःच्या हातांनी उखडून खंदकात टाकतो. त्यानंतर ती जाते, आणि त्यानंतर येते. तुम्ही कुलूप कुठं टाकलंत?" तक्रारदारांचा हात खिशाकडे गेला.

नर्सबाई म्हणाल्या, की कड्या उखडल्या तरी त्यांना ते परत येणे पटत नाही, लेखकाचे डोके फिरले आहे, आणि यापुढे त्या पुलापर्यंतचीच कादंबरी खरी मानणार.

औषधदुकानवाल्या बाई म्हणाल्या, "मला तो सरदार आवडतो. लाजायचं काय त्यात? रात्री दुकान बंद करून मी तो वाचते, आणि माझ्या अंगावर काटा येतो. पण तो खरोखर माझ्या दारात आला, तर मी शटर ओढीन आणि पोलिसांना फोन करीन. पुस्तकातला वाघ आवडतो म्हणून कुणी घरात वाघ बांधत नाही. हे आम्हाला कळतं. तुम्हाला वाटतं तेवढ्या आम्ही बावळट नाही."

घड्याळवाले आजोबा म्हणाले, की ते शेवटी रडले, का ते माहीत नाही, आणि त्यांना बोलायला वेळ लागतो, तेव्हा बैठकीने पुढे जावे.

हे सर्व चालू असताना खोलीचे दार उघडे होते. वाऱ्याने आपटते म्हणून त्या दाराला आम्ही वीट लावून ठेवतो, आणि वीट जागेवर होती. तक्रारदार दोनदा उठून उभे राहिले. कोणी अडवले नाही. दोन्ही वेळा ते बारकीला "चल" म्हणाले, ती उठली नाही, म्हणून ते पुन्हा बसले. तिला घेतल्याशिवाय ते जाणार नव्हते. याला डांबणे म्हणायचे असेल, तर त्यांना त्यांच्याच हट्टाने डांबले, आमच्यापैकी कोणी नाही.

सर्वांत शेवटी बारकी बोलली. तिचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते, म्हणून तसेच लिहून घ्यावे.

ती म्हणाली, "मी हे पुस्तक लग्नाआधीच वाचलंय, दुसरी प्रत. ती परत जाते, हे मला माहीत होतं. आईनं बांधलेली प्रत हातात घेतली तेव्हा पाठीवर बोट फिरवल्याबरोबर कळलं, एक फर्मा कमी आहे. आयुष्य गेलंय माझं त्या खळीत. आधी वाटलं चुकला असेल. पण आईचा फर्मा चुकत नाही. मग मी रात्रभर विचार केला, की आईनं हाच का काढला. तेव्हा कळलं, की मी परत जाऊ नये असं तिला वाटतं. तोंडानं ती मेली तरी बोलली नसती. मला तेवढंच हवं होतं."

मग तक्रारदारांकडे वळून म्हणाली, "आई पानं काढून मला थांबवू बघते, तुम्ही पानं वाचून न्यायला बघता. दोघांनाही वाटतं, पुस्तक सांगेल तसं मी करीन. मी नाही येणार. हे पुस्तकात नाहीये. हे मी सांगतेय."

बाइंडरबाईंनी पदर डोळ्याला लावला. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे, तरी लावला. मलाही रडू आले, आणि मी ते लपवले नाही. औषधदुकानवाल्या बाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तक्रारीत 'अपमान' म्हणून जे लिहिले आहे ते हेच असावे.

तक्रारदार उठले आणि निघाले. जाताना त्यांनी दाराच्या विटेला लाथ मारली. त्यांच्या अंगठ्याची जी इजा तक्रारीत नोंदली आहे, ती त्या विटेची आहे. वीट शाबूत आहे, हवी असल्यास हजर करीन.

पुस्तकातल्या फेरफाराबद्दल सांगायचे, तर प्रत माझी आहे आणि माझी तक्रार नाही. बाइंडरबाईंनी ती सोळा पाने जपून ठेवली आहेत. मी ती परत शिवायला सांगितली होती, पण पुलापर्यंतच्या प्रतीला आता पुऱ्या प्रतीपेक्षा जास्त नंबर लागले आहेत, त्यामुळे दोन्ही तशाच ठेवणार आहे. पुस्तक घाणेरडे आहे की नाही हे ठाण्याने स्वतः वाचून ठरवावे. प्रत जमा करायला माझी हरकत नाही, फक्त पहिल्यापासून वाचावी आणि आठवड्यात परत करावी.

शेवटी एवढेच. मला बोलावणे आले तेव्हा बारकी माझ्याबरोबर आली. तक्रार वाचून दाखवत होते तेव्हा ती माझ्या मागे उभी होती. 'डांबून ठेवले' हा शब्द आला तिथे तिने हवालदारबाईंना थांबवले आणि विचारले, "बाई, माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवणं हा गुन्हा असतो?"

हवालदारबाई म्हणाल्या, "असतो तर. म्हणून तर ही तक्रार घेतलीये. दीड तास ठेवलं तरी असतो."

बारकी म्हणाली, "आणि आठ महिने ठेवलं तर?"

हवालदारबाईंनी पेन खाली ठेवले, मग पुन्हा उचलले आणि कोरा कागद काढला. बारकी आता पलीकडच्या टेबलाशी बसली आहे. गजांतून पुस्तके देणारी साक्षीदार म्हणून माझे नाव तिने दिले आहे, आणि त्या कामी बोलावाल तेव्हा मी येईन.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापूर्वी मी सगळी पाने उलटून पाहिली. यातले एकही काढलेले नाही.