नकार गुडघ्यांच्या खाली

धम्मप्रिया : पण सिद्रामकाका, कुमार साहेबांनी असं उत्तर दिलंच कसं? ‘होकाराबद्दल आभार. सोमवारी पुण्याच्या हेड ऑफिसला हजर व्हा.’ तुम्ही तर बदली नको म्हणून मेल केला होता ना?

सिद्राम : नकोच म्हटलंय की. खाली लिवलंय बघ.

धम्मप्रिया : खाली म्हणजे कुठं? ‘आपण दाखवलेल्या विश्वासाने ऊर भरून आला. आपला आदेश शिरसावंद्य.’ मग तुम्ही ह्या टॉवेलच्या कारखान्यात कसे लागलात ते. मग कुर्डुवाडीच्या गोदामाचा सगळा इतिहास. मग सासूबाईंची गुडघेदुखी.

सिद्राम : मोठ्या माणसाला एकदम न्हाय कसं म्हणायचं? आधी जरा मान द्यावा लागतो.

धम्मप्रिया : त्यांनी मान घेतला आणि मेल बंद केला. नकार पार तळाला, तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांच्या खाली.

सिद्राम : फोन लावू का परत?

धम्मप्रिया : सकाळी म्हणाले ना, मीटिंगमध्ये आहे, मेल करा. संध्याकाळी बदल्या पक्क्या होणार. सरका तुम्ही. मी टाइप करते.

सिद्राम : लिव. सादर प्रणाम. आपली प्रकृती...

धम्मप्रिया : नाही.

सिद्राम : प्रकृती बी विचारायची न्हाय?

धम्मप्रिया : भेटल्यावर विचारा. विषय, पुण्याला बदली नको.

सिद्राम : अगं, विषयातच? दारात चप्पल काढायच्या आधीच भांडण काढल्यासारखं वाटतंय.

धम्मप्रिया : वाटू दे. आता कारण. एकच सांगा.

सिद्राम : सासूचे गुडघे.

धम्मप्रिया : त्या तर अक्कलकोटला असतात, तुमच्या मेव्हण्याकडे.

सिद्राम : मग हवा. पुण्याची हवा मला सोसत न्हाय.

धम्मप्रिया : सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्यानं हे लिहायचं? साहेब हसतील काका.

सिद्राम : जुळे सोलापूरचा फ्लॅट...

धम्मप्रिया : भाड्यानं देता येतो. खरं काय आहे?

सिद्राम : लोक हसतील, पोरी.

धम्मप्रिया : लोक कुठायत? मी एकटीच आहे.

सिद्राम : गुरम्माचा शिवणक्लास हाय, शुक्रवार पेठेत. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, मला जितं टाकलं तितं ती आली. दरवेळी नवं घर, नवी शेजारीण. आता कुटं तिचं काय तरी जमलंय. पोरी येतात. शाळेच्या गणवेशाचं काम मिळतंय. दारावर तिच्या नावाची पाटी लावलीय. रोज सकाळी तिला सोडतो, पाटी वाचतो, मगच गाडीला किक मारतो.

धम्मप्रिया : हेच लिहू.

सिद्राम : बायकोच्या कामापायी नवरा बदली नको म्हणतोय, असं? ऑफिसात माझी काय पत राहील?

धम्मप्रिया : राहील तेवढी राहू दे. ऐका. ‘कुमार साहेब, मी पुण्याला येऊ शकत नाही. माझ्या पत्नीचा शिवणक्लास सोलापुरात नुकताच जम धरतो आहे. मला इथेच ठेवावे, ही विनंती. सिद्राम.’

सिद्राम : संपलं?

धम्मप्रिया : संपलं.

सिद्राम : लई उघडं वाटतंय गं.

धम्मप्रिया : सवय नाही म्हणून. पाठवू?

सिद्राम : थांब. ‘पत्नी’ नको. गुरम्मा लिव.

धम्मप्रिया : साहेबांना कसं कळणार गुरम्मा कोण ते?

सिद्राम : मग ‘पत्नी गुरम्मा’ लिव. एक शब्द वाढला तर चालंल की.

धम्मप्रिया : चालेल. गेला बघा मेल.

(चहा येतो, संपतो.)

धम्मप्रिया : काका, उत्तर आलंय.

सिद्राम : तूच वाच.

धम्मप्रिया : ‘हे आधीच का नाही सांगितलंत? राहा सोलापुरात.’

सिद्राम : एवढंच?

धम्मप्रिया : एवढंच.

सिद्राम : जीव भांड्यात पडला बघ. परवापासून घास गिळवत नव्हता मला.

धम्मप्रिया : आधी काकूंना फोन करा. त्यापण काळजीत असतील.

सिद्राम : तिला बदलीचं ठाऊकच न्हाय. कळलं असतं तर त्याच दिवशी पोरींना दुसरा क्लास बघून दिला असता, अन् मला म्हणाली असती, चला की, पुण्यातल्या बाया काय कपडे शिवून घेत न्हाईत व्हय?