सर्व्हरने 'या' म्हटलं तेव्हा

सर्व्हरला मराठी शिकवायच्या भानगडीत कधी पडू नका, भिया. मी पडलो होतो.

आमचा देवासचा कारखाना आणि धारचं ऑफिस, दोन्ही मिळून सर्व्हर एकच. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरतात आणि दिवसभर ठाण मांडून बसतात. बाकीच्यांना जागाच मिळत नाही. म्हणून मी दोन तासांची मर्यादा घातली. वेळ संपत आली की आधी स्क्रीनवर सूचना, मग सर्व्हर त्या माणसाचं सगळं बंद करणार, सेव्ह न केलेलं गेलं. आमच्या अकाउंट्समध्ये बहुतेक मराठी मंडळी, तेव्हा हौसेने सूचना मराठीतच लिहिली: "काम सेव्ह करा आणि बाहेर जा."

पहिल्याच दिवशी अकाउंट्सचे मुळेकाका तणतणत आले.

"अख्खी नोकरी इथे गेली माझी. आजवर मालकानेही मला 'बाहेर जा' म्हटलं नाही!"

"काका, मी नाही, सर्व्हर म्हणतोय."

"आणि त्याला शिकवलं कोणी? अरे, आपल्यात निघणाऱ्याला 'जा' म्हणतात का? 'या' म्हणतात!"

पटलं. तिथल्या तिथे बदललं: "काम सेव्ह करा, या."

काका खूश.

दुपारी धारहून राठौरचा फोन आला. अगदी रडवेला. "भिया, मेरी पूरी शीट उड़ गई!"

"अरे, पण सूचना आली नव्हती का?"

"आई थी ना! लिखा था, काम सेव्ह करा, या... मैं तो बैठा रहा भिया, कि दूसरा ऑप्शन अब आएगा, अब आएगा."