बाईची गोळी

माझं माहेर शिरड शहापूरचं. बाप सालगडी, आय रोजंदारीला, आमी पाच बहिनी आन् एक भाऊ, शाळंचं तोंड पाह्यलं ते एकट्या भावानं. मला दिलं जवळा बाजारला. मालक अडतीवर हमाल. काय सांगू तुमाला, ज्वारीचं भरलेलं पोतं पाठीवर घ्यायचे आन् फळीवरून ट्रकात असे चढायचे, जसं काही लेकरूच घेतलंय पाठीवर. मिशी तर अशी की बाजाराच्या दिवशी मानसं वळून पाह्यची. आन् अशा मानसाला लघवीची तकलीफ लागली.

आधी थेंब थेंब. बाभळीमागं गेले की लवकर येतच न्हाई. कोनी म्हनलं खडा हाय, कुळथाचं पानी पाज, मी पाजलं. मंग कंबर धरली, मंग पाठीचं हाड, पोतं ऱ्हाऊ द्या, तांब्या उचलताना कन्हायचे. शेवटी माझ्या भावानं आमाला येष्टीत घातलं आन् औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरानं तपासलं, हाडाचे फोटो काढले आन् मला म्हनले, बाई, लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक गाठ असती, समद्यालाच असती, पर यांच्या गाठीत कॅन्सर झाला आन् तो हाडात गेलाय. पुरुषाच्या अंगात पुरुषपनाचा रस तयार व्हतो, तेच ह्या रोगाचं खानं हाय, रस तोडला की रोग उपाशी पडतो. मी म्हनलं मरतो का? ते म्हनले मरत न्हाई, गप पडतो, किती दिवस ते सांगता येत न्हाई.

मला काही कळंना. ज्या रसानं मानूस पोतं उचलतो, ज्या रसानं लेकरं झाली, तोच मानसाला खाऊन राहिला, म्हनजी काय? आजून बी मला ते बराबर उमगलं न्हाई.

डाक्टर म्हनले, एक तर लहान ऑपरेशन करू, खालच्या दोन्ही गोट्या काढू, एकदाच काम व्हतं. तवा आनीबानी चालू व्हती, नसबंदीच्या जीपा गावोगाव फिरायच्या, जीप दिसली की मानसं तुरीत लपायची. ऑपरेशन म्हनलं आन् मालक खाटंवरून उतरले, कंबर धरून सरळ फाटकाकडं निघाले. भाऊ मागं पळाला, म्हनला दाजी, हे ते न्हाई, हे दुसरं हाय. मालक म्हनले, कापायची जागा तर तीच हाय ना. मंग डाक्टरानं गोळ्या दिल्या, म्हनले ह्यानं बी तो रस तुटतो. रोज घ्या, बंद करू नका, पाय सुजले, छातीत दुखलं तर लगेच या.

आन् दुखनं गेलं व्हो. मानूस उठला, चालला, बाजारात जाऊन आला, मी बुद्धाच्या फोटोपुढं हात जोडले. पर मंग दाढी इरळ व्हऊ लागली, आवाज न्हाई बदलला पर छाती भरून आली, सदरा घासला तरी दुखायची. छाती दिसू नये म्हनून भर उन्हाळ्यात चादर गुंडाळून बसायचे. मला इचारायचे हे काहून व्हऊन राहिलं, मला काय ठाऊक? गोळ्या सरल्या म्हनून आमी दोघं हिंगोलीला गेलो. औषधाच्या दुकानातल्या मानसानं बाटली पाह्यली आन् हळूच मला इचारलं, बाई, घरात कोनाचं लेकरू गेलं का? मी म्हनलं न्हाई तर. तो म्हनला, बाईच्या अंगातल्या रसाची गोळी ही, बाळंतिनीचं दूध आटवायला देतो आमी.

मालक बाजूलाच उभे. नवी बाटली घेतली आन् येष्टीत बसलो. घरी आल्याबराबर समद्या गोळ्या चुलीत टाकल्या.

मंग थोड्याच दिवसात एका दुपारी ओट्यावर बसलेले, एकदम तोंड लाल, घामाच्या धारा, सदरा काढून फेकला, आन् मागून हुडहुडी. म्हनले, जाळ छातीतून वर येऊन राहिला, मी आता मरतो. मी म्हनलं, मरत न्हाई, पाळी गेली तवापासून मला रोज व्हतं हे. ते माझ्याकडं पाहतच ऱ्हायले. म्हनले, असंच? म्हनलं, बराबर असंच, खुरपताना बी, भाकर थापताना बी.

मंग तू काहून न्हाई सांगितलं?

कोनाला सांगू, म्हनलं मी.

एवढ्या सालाच्या संसारात त्यांनी माझ्या अंगाचं पहिल्यांदा इचारलं व्हतं.

पुढं हाड पुन्हा दुखाया लागलं, कुशीवर वळता येईना, तवा त्यांनीच म्हनलं, जा, घिऊन ये ती बाईची गोळी. दुकानदाराला मी सांगितलं, माझ्या मालकाला पाहिजे. त्यानं पुन्हा काही इचारलं न्हाई.

आता पोतं उचलनं न्हाई, फाटकी पोती दाभनानं शिवतात. पाय सुजून राहिले म्हनून भाऊ पुन्हा औरंगाबादला चला म्हनतो, जाऊ. लोक इचारतात बरं हाय का, मी व्हय म्हनते, बरं म्हनजी नेमकं काय ते मला तरी कुठं ठाऊक. ते पाहा, हाक मारून राहिले, चहा झाला म्हनत्यात. चहा आता तेच करतात. आधी मला लाज वाटायची, बापय मानूस चुलीपुढं; आता मी नुसती बसते आन् पिते. ह्याला सुख म्हनावं का दुख, मला काही उमगत न्हाई. बसा, घोटभर पिऊन जा, तुमच्या घरची समदी मानसं धडधाकट ऱ्हाऊ द्या.