डॉक्टर किती शिकलाय?

मला पुन्हा स्टेजवर जा म्हणताय, पण आधी हे ऐका.

मी परदेशात डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा जवळच्या छोट्या थिएटरच्या फॅमिली डेला आपल्या मंडळींनी मराठी नाटक बसवलं. मला डॉक्टरचं काम दिलं. वाक्य एकच: “सॉरी, मुलगा गेला.” आयुष्यातलं पहिलंच काम, म्हणून दुकानात जिलब्या तोलतानाही मी तेच घोकायचो.

प्रयोगात मुलाचं काम करणारा सहा वर्षांचा चिन्मय मरून पडला. मी नाडी बघून वाक्य म्हटलं. तोच पहिल्या रांगेतून त्याच्या आजी उठल्या. नाशिकहून नुकत्याच आल्या होत्या. थेट स्टेजवर.

“धडधाकट पोराला काय बोलतोस! नीट बघ! किती शिकलास रे?”

घाबरून माझ्या तोंडातून खरं तेच निघालं.

“नववी, आजी.”

“ऐकलंत?” त्या प्रेक्षकांकडे वळल्या. “नववी शिकलेला डॉक्टर!”

मेलेला चिन्मय उठून बसला. “आजी, प्लीज! आय ॲम डेड!”

आजींनी त्याला कडेवर घेतलं आणि सरळ खाली उतरल्या. त्याचे बाबा कॅमकॉर्डर धरून तसेच उभे.

संध्याकाळी दुसरा प्रयोग होता. त्यात चिन्मय वाचला. डॉक्टर मात्र बदलला.