धुरपदाबाईच्या आवाजातला फोन

नाव: धुरपदाबाई धुडकू सोनवणे. वय सत्तावन्न. धंदा: घरी बसून साड्यांना लेस व टिकल्या लावणे. राहणार गोडादरा, सुरत. मूळ तालुका पारोळा, जिल्हा जळगाव. मला गुजराती वाचता येत नाही, म्हणून हेड कॉन्स्टेबल जयश्रीबेन यांनी माझे म्हणणे मराठीत उतरवून घेतले.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, शनिवारी दुपारी वाल्मिकला जो फोन गेला त्यातला आवाज माझा आहे. फोन मी केलेला नाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही लिहावे. एकच लिहिले तर मी सही करणार नाही.

वाल्मिक माझा शेजारी, भेस्तानला कापड विणायच्या लूमच्या खात्यात कामाला आहे. घरी त्याची आई कलाबाई आणि बायको वर्षा. कलाबाईला बीपी आहे. आमच्याच गल्लीतली नूतन कंप्युटर शिकली आणि तिने कंपनी काढली. तिचे मशीन आजारी माणसाला व त्याच्या घरच्यांना फोन करते, गोळीची आठवण देते, आणि हे सगळे आपल्या बोलीत, अहिराणीत. वाक्येही तेच जुळवते. त्यासाठी तिने गल्लीतल्या बायांचे आवाज भरून घेतले. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही फोनवर बोलता तसंच बोला." मी बोलले. लग्नाचे आमंत्रण बोलले, गॅसवाल्याला झापते तसे झापले, आणि मी ती दुसरी बातमी कशी देते तेही बोलले.

दुसरी बातमी म्हणजे काय असे ठाण्यातल्या साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, आमच्या गल्लीत कोणी गेले की कामावरच्या माणसाला कळवायला फोन माझ्या हातात देतात. मरण फोनवर बोलायचे नाही, अशी आमच्यात रीत आहे. माणूस मशीनवर असतो, रस्त्यावर असतो. मी एवढेच सांगते, "मी धुरपदामाय. जसा शे तसा निंघी ये." म्हणजे असशील तसा निघून ये. तो समजतो. वाटेतून त्याने फोन केलाच, तर मी म्हणते, काही नाही रे, सगळं ठीक आहे, हळू ये. माझा आवाज फुटत नाही म्हणून हे काम माझ्याकडे आले. ज्या घरात झाले त्या घरच्या फोनवरून करते, म्हणून नंबर कोणी बघत नाही. एरवी मी कामावरच्या कोणत्याही माणसाला फोन करत नाही.

शनिवारी पर्वत पाटियाजवळ एका हॉलमध्ये किरणभाई नावाच्या गृहस्थांच्या कार्यक्रमाचे उद्घाटन होते. एआयच्या, म्हणजे आपणहून बोलणारे-लिहिणारे कंप्युटर बनवणाऱ्या, पोरापोरींच्या नव्या कंपन्या निवडून त्यांना वर्षभर मार्गदर्शन द्यायचे, असा तो कार्यक्रम. नूतनची कंपनी निवडली गेली होती. गल्लीची पोर स्टेजवर चढणार म्हणून आम्ही बाया ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. एका बाजूला कलाबाई, एका बाजूला वर्षा आणि मधे मी. माझ्या आवाजाचे नूतनने घरी कोणाला सांगू दिले नव्हते. सगळ्यांना एकदम ऐकवायचा होता तिला.

नूतनने ठरल्याप्रमाणे गोळीच्या आठवणीचा फोन ऐकवला. लोक हसले, टाळ्या झाल्या. मग किरणभाई माइक घेऊन म्हणाले, "आ तो ठीक छे. समजा पेशंटची तबियत बिघडली, घरच्याला बोलवायचंय. चलो, लाइव्ह करो." नूतन म्हणाली, "सर, हे अजून तपासलं नाही." ते म्हणाले, "अरे बेन, पैसे लावणारे समोर बसलेत. इथेच हिंमत दाखवायची असते." यादीत पेशंट म्हणून कलाबाईचे नाव होते आणि घरचा म्हणून वाल्मिकचा खरा नंबर. बटण किरणभाईंनी स्वतः दाबले. मी डोळ्यांनी पाहिले.

हॉलभर माझा आवाज आला. "वाल्मिक, मी धुरपदामाय. मायकडे ये. जसा शे तसा निंघी ये." मशीनला कोणी शिकवले नव्हते असे नाही. तातडीने बोलवायचे असले की धुरपदाबाई कशी बोलवते, हे ते बरोबर शिकले होते. पलीकडून वाल्मिक फक्त "हां मावशी" म्हणाला आणि फोन बंद झाला. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. आमच्या बायांच्या रांगेत एकही हात हलला नाही. कलाबाईने माझे मनगट धरले आणि म्हणाली, "धुरपदा, आपला वाल्मिक गाडीवर बसना व्हई." म्हणजे तो गाडीवर बसलाही असेल.

मी स्टेजवर गेले. माइक ओढला हे खरे आहे. तो तुटला, कारण किरणभाई सोडत नव्हते. मी म्हणाले, "अहो, तुमच्या मशीनने त्याची आई मेली म्हणून सांगितलं!" ते म्हणाले, "मावशी, उसने तो ऐसा कुछ बोला ही नहीं." नूतनला कळले होते. माझ्या तोंडून दोन शिव्या गेल्या. त्या लिहायच्या असतील तर लिहा.

मी माझ्या फोनवरून वाल्मिकला लावला. त्याने उचलला, मागे रस्त्याचा आवाज येत होता. मी सांगितले, "अरे वाल्मिक, तुझी आई ठणठणीत आहे, माझ्या शेजारी उभी आहे. सगळं ठीक आहे, हळू ये." बोलता बोलता माझे मलाच कळले की मी हेच सगळ्यांना सांगत आले आहे. तो रडत म्हणाला, "हां मावशी, येतोय." गाडीचा आवाज वाढला.

तेव्हा मी फोन कलाबाईच्या कानाला लावला. ती इथेच आहे, धडधाकट आहे, हे तिने स्वतः सांगितले, "आरे भाऊ, मी आठेच शे. माले काहीच व्हयेल नही." इथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आठ-पंधरा दिवसांपूर्वी नूतनने गंमत म्हणून कलाबाईच्या आवाजात मशीनकडून वाल्मिकला फोन करून मेथी आणायला सांगितली होती. तो खरेच जुडी घेऊन आला, गल्ली पोट धरून हसली होती. शनिवारी त्याने आईचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "नूतन, मन्ही मायना आवाजमा बोलू नको. आज तरी नको." त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. वर्षा अनवाणीच रिक्षाकडे पळाली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा किरणभाईंनी पुढच्या कंपनीचे नाव पुकारले होते.

वाल्मिकची गाडी टेम्पोला धडकली, हे आम्हाला पोलिसांच्या फोनवरून कळले. तो अजून शुद्धीवर नाही. डोक्याचे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टर नक्की काही बोलत नाहीत. कलाबाई त्याच्या पायाशी बसून सारखी बोलते आहे, म्हणजे ऐकू गेले तर आई आहे हे त्याला कळेल. नर्सने गप्प बसायला सांगितले तरी ती ऐकत नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकत नाही.

मशीनला तो आवाज मी दिला म्हणून वर्षाने माझ्यावर तक्रार दिली, त्याचा मला राग नाही. तिच्या जागी मीही दिली असती. नूतनला मी सांगितले, माझा आवाज पुसून टाक. ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडचा पुसला. किरणभाईंच्या लोकांनी कॉपी घेतली आहे." तो तिथूनही पुसावा, एवढीच माझी मागणी आहे.

वाल्मिकचा भाऊ गोपाल पारोळ्याला असतो. त्याला कळवायचे होते. दवाखान्यात सगळ्यांनी सवयीने फोन माझ्या हातात दिला. मी तो तिथे चौकशीला आलेल्या जयश्रीबेनकडे दिला. त्या म्हणाल्या, "सुरत पोलीस बोलतेय, तुमच्या भावाचा अपघात झालाय." गोपालने लगेच विचारले, "जित्ता शे ना?" त्या म्हणाल्या, "आहे." इतकी वर्षे मी फोन करते आहे, मला हे कोणी कधी विचारलेले नाही.

माझे हे सांगणे जयश्रीबेन यांनी मला मोठ्याने मराठीत वाचून ऐकवले. आवाज त्यांचा आहे, बोलणे माझे आहे, आणि ते बरोबर आहे.

सही: धुरपदाबाई धुडकू सोनवणे